मदत हवी आहे : बिएल्सासारख्या प्रशिक्षकानंतरची तयारी क्लबने कशी करावी?

मंडळी, लीड्स युनायटेड या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबवर एक सविस्तर लेख लिहितोय आणि एका प्रश्नापाशी अडलोय.

अर्जेंटिनाचे मार्सेलो बिएल्सा २०१८ मध्ये तिथे प्रशिक्षक म्हणून आले. प्रीमियर लीग या तिथल्या सर्वोच्च लीगबाहेर १६ वर्षं काढलेल्या संघाला त्यांनी २०२० मध्ये तिथे परत नेलं आणि पहिल्याच हंगामात ५९ गुणांसह नववं स्थान मिळवून दिलं. पण त्यांची पद्धत जगावेगळी. मैदानभर माणसाला माणूस भिडवायचा, सतत धावायचं, सरावात ‘मर्डरबॉल’ नावाचा न थांबता खेळायचा सामना, संघ मुद्दाम लहान ठेवायचा आणि करार एकेका वर्षाचा. खेळाडूंची निवड, त्यांची तंदुरुस्ती, सगळं त्या एका माणसाभोवती घडलेलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांना काढलं. त्यांच्या जागी मार्श आले, संघ खालच्या लीगमध्ये घसरण्यापासून कसाबसा वाचला. पुढच्या हंगामात मार्श, ग्रासिया, ॲलरडाइस असे तीन प्रशिक्षक झाले आणि २०२३ मध्ये संघ खाली गेलाच. फार वाईट वाटलं.

उलट स्पेनच्या ॲथलेटिक बिल्बाओ क्लबमध्ये बिएल्सांनंतर २०१३ मध्ये व्हाल्वेर्दे प्रशिक्षक म्हणून आले आणि संघ स्पॅनिश लीगमध्ये थेट चौथा! ते आधी तिथेच खेळलेले आणि प्रशिक्षकही राहिलेले, हे मला महत्त्वाचं वाटतं.

तर वारसदार त्याच शैलीतला शोधावा की थोडा सौम्य? आणि तयारी कधी सुरू करावी, प्रशिक्षक यशाच्या शिखरावर असतानाच? स्पॅनिश किंवा अर्जेंटिनाचा फुटबॉल जवळून पाहणाऱ्यांनी कृपया सांगा. बिल्बाओच्या त्या बदलाबद्दल कोणी बारकाईनं वाचलं असेल तर फारच मदत होईल.