‘जैविक’च्या बाटलीत ‘प्रतिजैविक’?

तासगावहून:
द्राक्षावरच्या भुरी या बुरशीच्या रोगासाठी काल बॅसिलस सबटिलिसची बाटली आणली. वर ठळक अक्षरांत ‘जैविक बुरशीनाशक’. धाकटा भाऊ बीएस्सीला आहे. तो म्हणाला, “दादा, हे मातीतले जीवाणू प्रतिजैविकं, म्हणजे अँटिबायोटिक, तयार करतात.” मग बाटली जैविक म्हणायची की प्रतिजैविक? मला तर हे शब्द एकमेकांच्या उलट वाटतात. शिवाय तो सारखं ‘पेप्टाइड’ म्हणतो. त्याला मराठीत काय?

मिरजेहून:
दादा, घोळ ‘प्रति’मुळे होतोय. ‘प्रतिदिन’मध्ये तो ‘दर’, ‘प्रतिबिंबा’त ‘सारखं’, ‘प्रतिकारा’त ‘विरुद्ध’. प्रतिजैविकात हा तिसरा अर्थ आहे, पण विरोध दुसऱ्या सूक्ष्मजीवांना. ‘जैविक शेती’तल्या जैविकाशी त्याचं भांडण नाही. बाटलीत जिवंत बीजाणू आहेत, म्हणून ती जैविक. ते पानावर रुजून जे सोडतात ते प्रतिजैविक. गाय आणि दूध म्हणा ना.

या बॅसिलसच्या रसायनांची नावं इटुरिन, फेंजिसिन, सरफॅक्टिन. इटुरिन म्हणजे 7 अमिनो आम्लांचं (प्रथिनं ज्यांची बनतात त्या घटकांचं) कडं आणि त्याला चरबीचं शेपूट. ते बुरशीच्या पेशीच्या पातळ पडद्यात शिरतं, पडद्याला भोकं पडतात आणि आतला रस झिरपून जातो.

‘पेप्टाइड’ मी तसाच ठेवीन. अर्थ साधा, अमिनो आम्लांची छोटी साखळी. ग्रीक ‘पेप्टोस’ म्हणजे पचलेलं. प्रथिन पचताना त्याचे असे तुकडे पडतात. आणि आपला संस्कृत ‘पच्’ धातू त्याच मुळातला! पचन, पक्वान्न, तुमच्या बागेतला घड पिकणं आणि पेप्टाइड, सगळी एकाच घरातली. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. अशा नातलगाला परका म्हणून कशाला घालवायचं?

पलूसहून:
माझं औषधाचं दुकान आहे. काउंटरवर सगळे ‘अँटिबायोटिक’च म्हणतात, पण लिहिताना मला ‘सूक्ष्मजीवरोधी’ बरा वाटतो. ‘नाशक’ मारतो, ‘रोधी’ अडवतो, आणि ही पेप्टाइडं दोन्ही करतात. घराघरांत असते त्या नियोस्पोरिन पावडरीत अशी दोन आहेत, पॉलिमिक्सिन आणि बॅसिट्रॅसिन. दोन्ही बॅसिलसच्या गोतावळ्यातली.

फक्त ‘जैविक’ म्हणजे निर्धोक, असं कुणी वाचू नये. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रेने डुबॉस यांनी 1939 मध्ये मातीतल्या जीवाणूपासून ग्रॅमिसिडिन हे प्रतिजैविक मिळवलं, पण ते रक्तातल्या तांबड्या पेशीही फोडतं, म्हणून वरून लावायलाच चालतं. कोलिस्टिनही मातीतल्याच जीवाणूचं. इतर औषधं हरली की डॉक्टर ते वापरतात. तेच कोंबड्यांना सर्रास दिलं जायचं. जीवाणू त्याला सरावले तर माणसासाठी काय उरणार? 2019 मध्ये केंद्र सरकारने खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांत त्याचा वापर बंद केला, ते फार बरं झालं.

तासगावहून:
भावाला सगळं वाचून दाखवलं. ‘पिकणं’ ऐकून तो बघतच राहिला. ताई, एक राहिलं. बोर्डोच्या, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाच्या, टाकीतच ही बाटली ओतली तर?

मिरजेहून:
नको, दादा. मोरचुदातलं तांबं त्या जीवाणूंना मारू शकतं. टाकी आणि नोझल स्वच्छ धुवा, काही दिवसांचं अंतर ठेवा आणि ऊन उतरल्यावर ही एकटीच फवारा.