रोज पोस्ट टाकली नाही, तर वाचक खरेच निघून जातो का?

शिक्षिका, अंबाजोगाई:
टम्बलर या ब्लॉगच्या संकेतस्थळावरचे नियमित वाचक कसे टिकवावेत, यावर परवा येथे एक पोस्ट आली. दिवसाला किमान तीन पोस्टी टाकाव्यात, आठवड्याचा मजकूर रविवारीच लिहून क्यूमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप प्रसिद्ध होणाऱ्या रांगेत, लावावा आणि दोन दिवसांचा खाडा पडला तर वाचक गेलाच असे समजावे, असा तिचा आशय होता. ती वाचून मी इतकी अस्वस्थ झाले, की सविस्तर उत्तर दिल्यावाचून राहवले नाही.

मार्च २०१४ मध्ये मीही असाच आठवडाभराचा मजकूर क्यूमध्ये लावला होता आणि त्यात आंब्याच्या मोहरावरचा एक हलकाफुलका लेख होता. ज्या दिवशी आमच्या भागात गारपिटीने बागा झोडपल्या, नेमका त्याच संध्याकाळी तो आपोआप प्रसिद्ध झाला. बीडच्या एका जुन्या वाचकाने खाली एकच ओळ लिहिली, ‘मॅडम, आमच्या झाडाला मोहर राहिला नाही.’ त्यानंतर ते माझ्याकडे पुन्हा फिरकले नाहीत. दोन वर्षे न चुकता वाचणारा माणूस मी खाडा पाडून नव्हे, तर खाडा न पाडल्यामुळे गमावला.

मूळ पोस्ट लिहिणाऱ्यांच्याच छत्रपती संभाजीनगरातून डॉ. गंगाधर पानतावणे यांनी दलित साहित्याला वाहिलेले ‘अस्मितादर्श’ कित्येक दशके चालवले, आणि ते त्रैमासिक होते. त्याचे लेखक-वाचक मेळावे भरत, वाचणारा लिहू लागे. तीन महिने वाट पाहणारा वाचक असतो, हे मराठवाड्याला तरी पटवून द्यावे लागू नये.

मूळ पोस्ट लिहिणारा, छत्रपती संभाजीनगर:
ताई, आपला अनुभव वाचून मनापासून वाईट वाटले. तरीही दोष क्यूचा नव्हता; त्या दिवशी क्यू थांबवायला हवा होता. ‘अस्मितादर्श’बद्दल मलाही तितकाच आदर आहे, परंतु त्याचा वाचक वर्गणी भरत असे आणि अंक टपालाने त्याच्या दारात येत असे. आपला वाचक काहीही भरत नाही आणि आपला लेख त्याच्यासमोर येईलच याची खात्री नाही. १ जुलै २०१३ रोजी ब्लॉगचे नवे लेख एका जागी दाखवणारे गूगल रीडर बंद झाले, तोवर महिन्यातून एकदा लिहिणाऱ्याचा लेखही वाचकाच्या यादीत आपोआप पोहोचत असे. ते बंद झाल्यावर माझ्या ब्लॉगवरची वर्दळ काही आठवड्यांत ओसरली. पुढे जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने पेजपेक्षा मित्र आणि नातेवाईक यांच्या पोस्टींना प्राधान्य देण्याचे जाहीर केले, तेव्हा दुसऱ्यांदा तोच फटका बसला. सातत्याचा आग्रह मी हौसेने धरत नाही.

कापूस उत्पादक, परभणी:
आपण दोघे ज्याला निष्ठावान वाचक म्हणता, तो माझ्या बाबतीत चोर निघाला, हेही नोंदवून घ्यावे. वेळा अमावास्येच्या वनभोजनावर मी लिहिलेला लेख तिसऱ्या दिवशी आमच्याच भावकीच्या व्हॉट्सॲप गटात ‘लेखक अज्ञात’ म्हणून आला आणि तो पाठवणारा माझा सख्खा मेहुणा होता. टम्बलरवर रिब्लॉग केले, म्हणजे दुसऱ्याची पोस्ट आपल्या ब्लॉगवर घेतली, तर मूळ लेखकाचे नाव सोबत जाते. व्हॉट्सॲपवर मजकूर कॉपी करून चिकटवला, की ‘फॉरवर्डेड’ हा शिक्कासुद्धा उरत नाही. वाचक टिकवण्याआधी लेखाखालचे नाव कसे टिकवायचे, ते कोणी सांगेल काय?

एसटी वाहकाचा मुलगा, नांदेड:
‘चोर’ हा शब्द आपण मागे घ्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. माझे वडील निवृत्त वाहक आहेत. टम्बलर म्हणजे काय हे त्यांना माहीत नाही. मात्र आवडलेला लेख ते चष्मा लावून दोनदा वाचतात आणि गावाकडच्या चाळीस माणसांना पाठवतात. नाव गळते, हे खरे आहे. पण ते आमच्या लोकांपर्यंत मजकूर अर्धवट पोहोचतो म्हणून गळते, कोणी वैराने खोडत नाही. जात्यावरच्या ओव्यांखाली कोणाचे नाव होते? त्या टिकल्याच ना?

कापूस उत्पादक, परभणी:
ओव्यांचा दाखला मला देऊ नका. जनाबाई आमच्या गंगाखेडच्या. त्यांनी अभंगातच आपले नाव गुंफले आणि नामदेवांनीही तेच केले. नाव काढायचे म्हटले तर अख्खे कडवे मोडावे लागेल! दिवसभर वेचणी उरकून रात्री अकराला मी लिहायला बसतो. त्या लेखाचे मला मानधन नको, पण तो माझा आहे एवढे तरी मेहुण्याला कळायला हवे होते. आपल्या वडिलांना मी चोर म्हटलेले नाही. तसे वाटले असल्यास त्यांच्यापुरता तो शब्द मागे घेतो, मेहुण्यापुरता नाही.

शिक्षिका, अंबाजोगाई:
परभणीच्या दादांनी रागात सांगितलेली गोष्ट मला फार मोलाची वाटली. लेखाच्या तळाशी टाकलेले नाव गळते; ‘आमच्या अंबाजोगाईच्या शाळेत’ असे वाक्यातच आले, तर ते सहसा गळत नाही. माझा एक लेख असाच निनावी फिरला होता. शाळेच्या उल्लेखावरून उदगीरच्या एका वाचक भगिनीने मला शोधून काढले आणि आज माझ्या प्रत्येक लेखावर त्यांचा अभिप्राय पहिला येतो. तेव्हा मी पाच महिने काहीही लिहिलेले नव्हते.

मूळ पोस्ट लिहिणारा, छत्रपती संभाजीनगर:
दिवसाला तीन पोस्टींचा आकडा मी मागे घेतो. खरे सांगायचे तर तिसरी पोस्ट लिहिताना माझ्याकडेही सांगण्यासारखे उरत नसे. मात्र पाच महिन्यांचे मौन मला मान्य नाही. उदगीरच्या भगिनी आपल्याला सापडल्या, पण प्रत्येकाला सापडतील असे नाही. आठवड्याला एक लेख आणि आलेल्या प्रत्येक अभिप्रायाला स्वतःच्या हाताने उत्तर, यापेक्षा खाली मी येणार नाही. ताई, बीडच्या त्या वाचकाला तेव्हा आपण उत्तर दिले होते का?

शिक्षिका, अंबाजोगाई:
नाही. काय लिहावे, ते सुचले नव्हते. लेख मात्र त्याच रात्री काढून टाकला होता.