कारखाना एका पाळीवर येतोय, कामगारांना काय आणि कसं सांगावं?

टॉवेल_मुकादम
सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना. दोन पाळ्या, 34 कामगार, मजुरी नगावर. ऑर्डरी थंडावल्यात. मालक म्हणतात एकच पाळी चालवू, पुढचं आत्ता सांगता येत नाही. कारखाना विकणार अशी कुजबुज सुरू झालीय. तसं काही नाही, हे मालकांनी मला स्पष्ट सांगितलंय. लोकांना कसं सांगू आणि काम कसं वाटू? जॉबर (माग दुरुस्त करून चालू ठेवणारे) आणि जुने विणकर एकदा गेले की परत मिळत नाहीत.

पूर्वभाग_सोलापूर
बातमी टपरीवरून पोचण्याआधी तुमच्या तोंडून जाऊ द्या. पाळी बदलताना दोन्हीकडचे लोक हजर असतात, तेव्हा 10 मिनिटं सगळे माग बंद करा. खडखडाटात निम्मं वाक्य ऐकू येतं, उरलेलं जो तो आपल्या भीतीनं भरतो. मराठीत बोललात की तेच एखाद्या जाणत्या कामगाराला तेलुगूत सांगायला लावा. घरी बायकोला सांगताना कामगार ज्या भाषेत सांगणार, त्या भाषेत त्यानं ऐकलेलं असावं.

ठरलेलं आधी सांगा: एक पाळी, कोणत्या तारखेपासून. विक्रीचं मालकांनी स्वतः येऊन सांगावं, तुमच्या तोंडून ते सारवासारव वाटेल. मग जे ठरलेलं नाही ते तसंच सांगा. "बघू, होईल सगळं नीट" म्हणू नका, त्यानं माणूस जास्त घाबरतो. शेवटी पुढच्या बोलण्याचा वार सांगा आणि नवीन काही नसलं तरी त्या दिवशी उभे राहा. एक वार चुकला की महिनाभराचा विश्वास जातो.

हिशेबनीस_सत्तरफूट
वाटणीत एक फसगत आहे. प्रत्येकाला आठवड्याला 3 दिवस दिले की न्याय झाला असं वाटतं. पण ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारी कामगार विम्यात, आजारपणाचा भत्ता मिळायला सहा महिन्यांत किमान 78 दिवसांची वर्गणी लागते. 26 आठवडे गुणिले 3, बरोबर 78. एक सुट्टी आली की माणूस बाद. हे सहा महिने एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे धरतात. म्हणून हजेरीपटावरून प्रत्येकाचे आत्तापर्यंतचे दिवस काढा. जो कमी भरतोय त्याला आधी दिवस द्या. यादी भिंतीवर लावा, कुणाला का जास्त मिळाले ते विचारायची वेळच येणार नाही.

ले-ऑफची, म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवल्याची, निम्म्या पगाराची कायदेशीर भरपाई 50 किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याला लागू होते. तुमचे 34 आहेत, तेव्हा ती मिळेल असं कुणी बोलून बसू नका. मालक मनानं काही देणार असतील तर आकडा ठरल्यावरच सांगा.

जॉबर_दादा
दिवस सारखे वाटले तरी बीम (मागावर चढवायचे, ताण्याचे म्हणजे उभे धागे गुंडाळलेले रूळ) सारखे नसतात. मजुरी नगावर आहे, त्यामुळे सतत ताणा तुटणारा बीम ज्याच्या वाट्याला येईल त्याचा हप्ता, म्हणजे आठवड्याची मजुरी, बुडतो. खराब बीमही पाळीपाळीनं फिरवा.

जे माग बरेच दिवस बंद राहतील त्यांचा ताणा सैल करा, सगळे धागे एका पातळीत आणून ठेवा, कापूस झाडून तेल द्या, वर कापड टाका. ताणलेला ठेवलात तर सुरू करताना टॉवेलवर आडवी पट्टी येते. हे काम जॉबर आणि दोन विणकरांना रोजावर द्या. आणि एक, झाकून ठेवलेला माग बघून लोकांना कळतं की तो पुन्हा चालवायचा आहे. भंगाराला काढायच्या मागाला कुणी तेल देत नाही.

टॉवेल_मुकादम
बऱ्याच जणांवर उचल आहे. दर हप्त्याला 500 कापतो. ते चालू ठेवायचं का?

हिशेबनीस_सत्तरफूट
नाही! दिवस निम्मे झाले तर कपातही निम्मी, 250. पूर्ण कापलीत तर हातात काही उरत नाही. मग माणूस दुसऱ्या कारखान्यातून उचल घेऊन तुमची फेडतो आणि तिकडेच जातो. मालकांकडून हे आधी कबूल करून घ्या आणि पहिल्याच बैठकीत, तारखेच्या पाठोपाठ सांगा. प्रत्येकाच्या वहीत बाकी लिहून द्या, खाली तुमची सही.