घरच्या कॉम्प्युटरला विकतचं अँटिव्हायरस हवंच का?

घाटमाथा :

नवा लॅपटॉप घेताना दुकानदार बिलात अँटिव्हायरसची ओळ आपणहून घालतो आणि आपण ती मुकाट्याने मान्य करतो. माझं मत असं की विंडोज ११ असलेल्या घराला या ओळीची गरज उरलेली नाही. स्पायवेअरपासून, म्हणजे गुपचूप हेरगिरी करणाऱ्या सॉफ्टवेअरपासून, वाचायला विंडोजमध्ये आधीच असलेलं डिफेंडर पुरतं. फक्त ते खरोखर चालू आहे का, हे बघायला हवं. आपल्याकडे गाडी अडते ती नेमकी तिथेच.

वीसेक वर्षांपूर्वी अँटिव्हायरस वेगळं आणि अँटिस्पायवेअर वेगळं असायचं. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २००४ मध्ये जायंट नावाची कंपनी विकत घेतली आणि तिच्या अँटिस्पायवेअरचं पुढे विंडोज डिफेंडर झालं. तेव्हा ते फक्त हेरगिरी करणारी सॉफ्टवेअर शोधायचं. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हा त्यात पूर्ण अँटिव्हायरसही आलं. सुरुवातीची काही वर्षं त्याची कामगिरी यथातथाच होती आणि ‘डिफेंडर काही कामाचं नाही’ हे मत त्या काळातलं आहे. ते अजून तोंडोतोंडी चालतं. आज जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कंपॅरेटिव्हज या दोन्ही प्रयोगशाळांच्या चाचण्यांत डिफेंडर पैसे मोजून घ्यायच्या सॉफ्टवेअरच्या बरोबरीने उभं असतं.

तरी घरोघरचे कॉम्प्युटर बिघडतात ते का? विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये जा, मॅनेज सेटिंग्ज दाबा आणि सगळ्यात खाली एक्सक्लूजन्स बघा. डिफेंडरने कुठे बघायचं नाही याची ती यादी असते. एका नातेवाइकांच्या कॉम्प्युटरवर त्या यादीत अख्खी सी ड्राइव्ह होती. विंडोज आणि ऑफिस फुकटात ॲक्टिव्हेट करायचं क्रॅक डिफेंडर पकडतं, म्हणून विंडोज टाकून देणाऱ्याने राखणदारालाच डोळे मिटायला सांगून ठेवलं होतं. असल्या कॉम्प्युटरला कोणतंही अँटिव्हायरस वाचवू शकत नाही, कारण त्यालाही तो माणूस तेच सांगून जाणार.

म्हणून माझा सल्ला : अँटिव्हायरसचे पैसे अस्सल विंडोजमध्ये आणि बॅकअपच्या हार्डडिस्कमध्ये घाला. रोजच्या वापराला ॲडमिन (म्हणजे कॉम्प्युटरवर काहीही टाकायचा-बदलायचा अधिकार) नसलेलं साधं अकाउंट ठेवा. ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारा चांगला ॲडब्लॉकर टाका. सर्चमधल्या खोट्या जाहिरातींमधून इतकी फसवणूक होते की अमेरिकेच्या एफबीआयनेच डिसेंबर २०२२ मध्ये लोकांना तो वापरायला सांगितलं होतं. विरोधी मतं जरूर मांडा, फक्त कारणांसकट.

कृष्णाकाठ :

मी सांगलीकडे कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो आणि अँटिव्हायरस विकतो. हे आधीच सांगतो, म्हणजे माझ्या मताला किती वजन द्यायचं ते तुम्ही ठरवा.

तुमचं सगळं गणित चोवीस तास नेट असलेल्या घराचं आहे. डिफेंडरची बरीचशी ताकद क्लाउडमध्ये आहे. संशयास्पद फाइल दिसली की ते मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारतं. नेट तोडून चाचणी घेतली की त्याची पकड कमी होते, हे तुम्ही नाव घेतलेल्या एव्ही-कंपॅरेटिव्हजच्याच अहवालांत दिसतं. माझी निम्मी गिऱ्हाइकं मोबाइलच्या हॉटस्पॉटवर गरजेपुरतं नेट लावतात. त्यांच्याकडे रोग येतो तो पेनड्राइव्हमधून : झेरॉक्सच्या दुकानात, शाळेत, सेतू केंद्रात फिरून आलेल्या. डिफेंडर पेनड्राइव्ह लावल्या लावल्या आपणहून तपासत नाही, फाइल उघडली की बघतं. पुण्याचं क्विक हील घ्या किंवा दुसरं कुठलं, तिथे पेनड्राइव्ह घातला की आधी स्कॅन होतो. गिऱ्हाइकाला काहीच करावं लागत नाही, आणि त्याच्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवता येते.

दुसरं, डिफेंडरचं स्मार्टस्क्रीन खोट्या साइटपासून राखण करतं ते मुख्यतः एज ब्राउझरमध्ये. आपल्याकडे लोक क्रोम वापरतात. तिथे गूगलचं स्वतःचं संरक्षण आहे, ते वाईट नाही, पण विकतच्या सॉफ्टवेअरचं वेब प्रोटेक्शन कुठलाही ब्राउझर असला तरी मध्ये उभं राहतं.

आणि क्रॅकबद्दल. गिऱ्हाईक जुना पीसी घेऊन येतं आणि विंडोजला वेगळे पैसे मोजायचे म्हटलं की शेजारच्या दुकानात जातं. दोष एकट्या दुकानदाराच्या माथी मारू नका.

मेघना_कोथरूड :

कृष्णाकाठ, विकतचं ठीक, पण तुमच्या युक्तिवादाने लोक घेतात ते फुकटचं. आणि फुकटच्या अँटिव्हायरसची गोष्ट जानेवारी २०२० मध्ये उघड झाली. अवास्ट आपल्या वापरकर्त्यांनी कोणत्या साइट बघितल्या याची माहिती गोळा करून जम्पशॉट नावाच्या स्वतःच्याच कंपनीमार्फत विकत होतं. गाजावाजा झाल्यावर जम्पशॉट बंद झाली. २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले आणि जाहिरातींसाठी ही माहिती विकायला बंदी घातली. स्पायवेअर पकडायला ज्याला घरात घेतलं त्यानेच हेरगिरी केली. याहून विदारक काय असू शकतं?

सीक्लीनरचंही तेच. ‘कॉम्प्युटर साफ करतो’ म्हणून आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक पीसीत ते असायचं. २०१७ मध्ये त्याच्या अधिकृत आवृत्तीतच घुसखोरांनी मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, घातलं आणि ती आवृत्ती २२ लाखांहून जास्त कॉम्प्युटरवर पोचली. लोकांनी ती कंपनीच्याच साइटवरून उतरवली होती.

अँटिव्हायरसला कॉम्प्युटरमधले सर्वोच्च अधिकार द्यावे लागतात. प्रत्येक फाइल, प्रत्येक साइट त्याला दिसते. म्हणून इतके अधिकार मी जितक्या कमी कंपन्यांना देईन तितकं बरं. मायक्रोसॉफ्टला ते विंडोज घेतानाच देऊन झालेत. त्यात आणखी एकाची भर का घालायची?

कृष्णाकाठ :

मेघनाताई, अवास्टने केलं ते वाईटच. पण एका कंपनीच्या कृत्यावरून सगळ्या धंद्याला झोडपू नका. वर्षाला पैसे घेणाऱ्या कंपनीला तुमची माहिती विकायची गरज नसते. फुकट आणि विकत यांत फरक इथेच आहे.

जुना_खेळाडू :

स्पायबॉट आणि ॲड-अवेअर या जुन्या अँटिस्पायवेअरच्या काळात रविवारी सकाळी दोन्ही स्कॅन लावून आम्ही चहा प्यायला बसायचो. तेव्हा ते गरजेचं होतं, कारण ब्राउझरला चिकटणारे टूलबार अँटिव्हायरस कंपन्या व्हायरस मानतच नव्हत्या. आता तसं नाही. डिफेंडरमध्ये ‘पोटेन्शियली अनवॉन्टेड ॲप’ (बहुधा नकोसं ॲप) अडवायचं बटण आहे, ते चालू ठेवलं की बराचसा कचरा दारातच अडतो. वेगळ्या अँटिस्पायवेअरचं दुकान त्यामुळे जवळपास बंदच झालं.

एक मात्र सांगतो : दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालू ठेवू नका. एकमेकांच्या फाइल अडवत बसतात आणि मशीन हँग होतं. दुसरं मत हवं असेल तर मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती मागवा, एकदा स्कॅन करा, काढून टाका. आपल्या सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रानेही २०१७ पासून फुकट सफाई-साधनं ठेवली आहेत. ती फारशी कुणाला ठाऊकच नाहीत.

एडिसनकर :

मी न्यू जर्सीत, आई-बाबा नाशिकला. इथे २०२४ मध्ये सरकारने कॅस्परस्की या रशियन अँटिव्हायरसवर बंदी घातली आणि सप्टेंबरात अनेकांच्या कॉम्प्युटरवरून ते जाऊन त्याजागी अल्ट्राएव्ही नावाचं दुसरंच सॉफ्टवेअर आपोआप बसलं. कुणाला विचारलं नाही. मेघनाताई अधिकारांबद्दल म्हणतात त्याचं याहून थेट उदाहरण मला दिसत नाही. डिफेंडर की विकतचं, यात मी घाटमाथांच्या बाजूने.

पण तुम्ही सगळे भांडताय ते जुन्या शत्रूवर. आई-बाबांना फोन येतो, ‘बँकेतून बोलतोय, एनीडेस्क टाका.’ एनीडेस्क हे दुसऱ्याचा कॉम्प्युटर लांबून बघायचं-चालवायचं कायदेशीर सॉफ्टवेअर आहे. त्याला डिफेंडरही अडवत नाही आणि विकतचंही. समोरचा माणूस अख्खा स्क्रीन बघतो. मी त्यांच्या अकाउंटचे ॲडमिन अधिकार काढून घेतले आहेत, पासवर्ड माझ्याकडे. बाबा आधी नाराज झाले, पण मी ऐकलं नाही. काही टाकायचं झालं तर ते मला फोन करतात.

कृष्णाकाठ :

एडिसनकर, घाटमाथा, तुम्ही दोघं साध्या अकाउंटचा इतका भरवसा देताय, तर एक प्रश्न. एनीडेस्क इन्स्टॉल न करता नुसतं उघडूनही चालतं, त्याला ॲडमिन लागत नाही. ते बाजूला ठेवा. आजचं खरं स्पायवेअर म्हणजे इन्फोस्टीलर, त्याला तरी ॲडमिन कुठे लागतो? ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आणि कुकी (साइटवर लॉग-इन असल्याची खूण ठेवणाऱ्या छोट्या नोंदी) तुमच्याच फोल्डरमध्ये असतात. तुम्ही चालवलेला प्रोग्रॅम तुमच्याच अधिकाराने त्या वाचतो, गोळा करतो, पाठवून देतो आणि निघून जातो. लॉग-इन झालेली कुकी हाती लागली की बऱ्याचदा ओटीपीसुद्धा विचारला जात नाही.

लुमा हे त्यातलं गाजलेलं नाव. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि पोलिसी यंत्रणांनी त्याचे सुमारे २,३०० डोमेन (वेब पत्ते) बंद पाडले. त्याआधीच्या दोन महिन्यांत त्याने ३ लाख ९४ हजार विंडोज कॉम्प्युटर गाठले होते, हा मायक्रोसॉफ्टचाच आकडा. त्यातल्या कित्येकांत डिफेंडर चालू असणारच. त्याची एक युक्ती बघा : ‘मी रोबॉट नाही’ असं खोटं पान येतं आणि सांगतं, विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. माणूस स्वतःच्या हाताने आज्ञा चालवतो. साधं अकाउंट इथे काय करणार?

घाटमाथा :

मुद्दा रास्त आहे, आणि साधं अकाउंट याला पुरेसं नाही हे खरंच. पण मग विकतचं तरी कुठे पुरतं? तेही लुमाच्या नव्या आवृत्तीच्या मागेच धावतं. ही टोळी रोज बांधणी बदलते.

याच्यावर मी सुचवेन ते असं. बँकेसाठी विंडोजमध्ये वेगळं अकाउंट करा. एका साध्या अकाउंटमधला प्रोग्रॅम दुसऱ्याच्या फाइल वाचू शकत नाही. मुलांचे गेम आणि त्यांचे ‘मॉड’ (गेममध्ये बदल करणाऱ्या फाइल) एका अकाउंटमध्ये, नेटबँकिंग आणि इन्कम टॅक्स दुसऱ्यात. पासवर्ड ब्राउझरमध्ये सेव्ह करू नका, वेगळा पासवर्ड मॅनेजर वापरा. काम झालं की बँकेतून आणि मेलमधून लॉग-आउट व्हा. नुसती खिडकी बंद करणं पुरत नाही. आणि कोणतंही वेबपान विंडोज-आर दाबायला सांगत असेल तर ते चोराचंच, हे घरातल्या प्रत्येकाला सांगा. यातल्या कशालाच पैसे पडत नाहीत.

कृष्णाकाठ :

तुम्ही सांगताय ती शिस्त आहे. मी तीनशे घरांशी व्यवहार करतो आणि दोन अकाउंट रोज बदलून वापरणारं घर मला एकही दिसलेलं नाही. शिस्त पाळणाऱ्याला डिफेंडर पुरतं, हे मला मान्य. बाकीच्यांचं काय? दहातल्या दोन वेळा जरी विकतचं वेब प्रोटेक्शन खोट्या पानाच्या आड आलं, तरी त्या दोन घरांचे पैसे वाचले.

मेघना_कोथरूड :

दहातल्या दोन हा आकडा कुठला? तो तुमचा अंदाज आहे, आणि त्यावर लोक दरवर्षी रिन्युअल भरतात.

मुक्ता_रत्नागिरी :

मी शिक्षिका आहे. सगळं वाचलं, पण माझी अडचण कुणी घेतली नाही. माझा पीसी जुना, त्यावर विंडोज ११ चढत नाही. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुकानात सांगितलं, ‘चांगलं अँटिव्हायरस टाका, काही होत नाही.’ हे खरं का? नवा घेण्याइतके पैसे आत्ता नाहीत.

घाटमाथा :

मुक्ताताई, हे खरं नाही आणि यावर कृष्णाकाठही माझ्या बाजूने बोलतील. अँटिव्हायरस आत आलेल्याला ओळखतं. विंडोजमधलीच भोकं बुजवणं हे मायक्रोसॉफ्टच्या अपडेटचं काम, ते अँटिव्हायरस करू शकत नाही. डिफेंडरची ओळखयादी विंडोज १० ला ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहे, पण तेवढ्यावर विसंबू नका. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय दिली आहे. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉग-इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की ती पैसे न भरता मिळते. सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसेल. ते आजच करा.

कृष्णाकाठ :

बरोबर आहे. आमच्याच धंद्यातले लोक असं सांगून अँटिव्हायरस खपवतात याचा मला राग येतो. ताई, नोंदणी आधी. त्या मुदतीनंतर त्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम टाकून घ्या. शाळेची पत्रकं, नेट, मराठी टायपिंग सगळं होतं. पण तोवर शाळेतून पेनड्राइव्ह येत असेल तर एक वर्षाचं विकतचं घ्या, हे मी अजूनही म्हणेन.

मुक्ता_रत्नागिरी :

नोंदणी झाली. एक्सक्लूजन्सही बघितलं, तिथे दोन फोल्डर होते, काढले. काढल्या काढल्या डिफेंडरने एक फाइल पकडली, ऑफिसचं क्रॅक निघालं. ऑफिस काढून लिब्रे ऑफिस टाकलं आहे. सगळे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलते आहे. पेनड्राइव्ह शाळेतून रोज येतो, त्यामुळे विकतचं एक वर्षासाठी घेणार आहे. घाटमाथा, तुमची हरकत असेल हे ठाऊक आहे.

घाटमाथा :

हरकत आहेच. आधी पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून डिफेंडरचा स्कॅन लावायची सवय करून बघा, असं अजूनही सांगेन. पण घेतलंतच तर पैसे भरताना ऑटो-रिन्युअलची खूण काढा. ब्राउझरमध्ये ते स्वतःचं एक्स्टेंशन टाकू बघेल, त्याला नको म्हणा. वर्षानंतर रिन्यू करणार नसाल तर ते नुसतं पडून राहू देऊ नका. नीट अनइन्स्टॉल करा आणि मशीन पुन्हा सुरू झाल्यावर डिफेंडर परत चालू झालंय ना, हे स्वतः बघा.