वर्षअखेरच्या यादीत जुनं चालेल की नाही?

परळचा वाचक:
२०२५ मध्ये मला सगळ्यात आवडलेलं पुस्तक वाचनालयातलं, शिवण सुटलेलं. मागच्या तारखांच्या कागदावर माझ्याआधीचा शिक्का २०११चा. चौदा वर्षं ते कुणी घरी नेलं नव्हतं! संगीतात गायिका किशोरीताई आमोणकरांचा राग भूप. त्यांना जाऊन आठ वर्षं झाली, घरात ध्वनिमुद्रण कधीपासूनचं आहे, पण यंदा आईच्या आजारपणात रात्री जागताना तो पहिल्यांदा सलग ऐकला. त्यातली 'सहेला रे' ही बंदिश सुरू झाली आणि आईची बोटं झोपेतच चादरीवर हलायला लागली. तिला ठेका कळत होता.

मित्र म्हणतो, ही यंदाची यादी नव्हेच, यंदा आलेलं तेवढंच लिही. मला हे मान्य नाही. माझ्या आयुष्यात हे सगळं यंदाच आलं.

तिसरी घंटा:
मला तुमच्या मित्राचंच पटतं. मी व्यावसायिक नाटकांचे लाइट्स ऑपरेट करते. आम्हाला पैसे नाइटवर मिळतात, प्रयोग लागला तर मिळतात. दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहात रविवारची दुपार मिळूनही तिकीटविक्रीच्या प्लॅनवर तीनच रांगा भरलेल्या दिसल्या की निर्माता पुढच्या तारखा सोडून देतो. नवं नाटक पहिल्या पंधरा-वीस प्रयोगांत तगतं ते लोक एकमेकांना सांगतात म्हणून. जाहिरातीला पैसे असतात कुठे?

सिनेमाचं तर विचारूच नका. 'साबर बोंडं'ला जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. वडील गेल्यावर दहा दिवसांसाठी मुंबईहून गावी गेलेल्या मुलाची गोष्ट, म्हणजे आपल्यातल्या कितीजणांची. सप्टेंबरमध्ये लागला. आमच्या भागात एकच खेळ, तोही ऑफिसच्या वेळेत. मी सुट्टी बघून पुढच्या आठवड्यात गेले तर उतरलेला. भूप अजून पन्नास वर्षं ऐकायला मिळेल. या सिनेमाबद्दल तेव्हाच बोलायला हवं होतं.

कल्याण स्लो:
ताई, कळकळ पोचली. पण चौघांचं कुटुंब नाटकाला न्यायचं तर तिकिटं, गाडीभाडं, मध्यंतरातले वडे धरून दीड-दोन हजार सहज जातात. आम्ही वर्षातून एकदाच जातो, आणि तेव्हा आधी नावाजलेलंच बघतो. पैसे वाया जायची भीती असते. नवं बघा म्हणणाऱ्यांनी हेही धरावं.

तिसरी घंटा:
धरते. मीही लालबागच्या चाळीत वाढले, पैशाचं मला सांगायला नको. म्हणून तर म्हणते, ज्याने बघितलंय त्याने लगेच लिहावं, म्हणजे तुमची वर्षातली एक खेप चुकणार नाही. सत्तरच्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये जी प्रायोगिक नाटकं झाली, त्यांच्या संहिता आज वाचनालयात मिळतील. प्रयोग मिळणार नाही. त्याबद्दल जे काही कळतं, ते तेव्हाच्या प्रेक्षकांनी लिहून ठेवलं म्हणून.

परळचा वाचक:
नाटकाच्या बाबतीत तुमचं बरोबर. यंदा मी दोन नवी नाटकं बघितली आणि दोन्हींबद्दल एक ओळ लिहिली नाही, ही माझी चूक.

पुस्तकाचं मात्र ऐका. तुम्हाला वाटतं जुनं कुठे जात नाही. जातं! मुंबईत वाचनालयाला जागा किती असते? कपाटं भरली की कित्येक वर्षं कुणी न नेलेली पुस्तकं आधी बाजूला काढतात, मग रद्दीत. मी आणलेल्या पुस्तकाच्या कागदावर आता डिसेंबर २०२५चा शिक्का आहे. निदान काही वर्षं ते कुणी रद्दीत काढणार नाही. तुमच्या सिनेमाला आठवडा मिळतो, याला तेवढाच एक शिक्का.

तिसरी घंटा:
हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मग पुस्तकाचं नाव लिहा ना. एवढं सगळं लिहिलंत, तेच राहिलं.