शाळेच्या स्वच्छतागृहाचं पाणी तास चालू असताना बंद ठेवावं का?

समितीतला_पालक
लातूर शहरातली शाळा, पाचवी ते दहावी, पट साडेचारशे. बोअर आटलं की टँकर. १०,००० लिटरचा टँकर जेमतेम दोन दिवस जातो. पोरं नळ चालू टाकून पळतात, बेसिनपाशी रोजची रंगपंचमी. म्हणून व्यवस्थापन समितीत मी ठराव मांडतोय : स्वच्छतागृहाचा मेन कॉक फक्त दोन्ही सुट्ट्यांत उघडायचा. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा घागरी घेऊन रांगेत उभे होतो आपण. इतक्यात विसरलो?

वर्गशिक्षिका
विसरले नाही, तरी विरोध. आधीच्या शाळेत हेच केलं होतं. सातवीतली मुलगी गणिताच्या तासाला उठली, पाच मिनिटांत रडवेली होऊन परत. पाळी आलेली, नळ कोरडा. कॉकची चावी शिपाईमामांच्या खिशात आणि मामा बँकेत. शेवटी माझ्या पिण्याच्या बाटलीतलं पाणी दिलं. पुढे मुलींनी सोपा उपाय काढला, दिवसभर पाणीच प्यायचं नाही. भरलेल्या बाटल्या तशाच घरी जायच्या. हीही पाण्याची बचतच म्हणायची का?

समितीतला_पालक
ताई, मुलींच्या बाजूला झाकणाची बादली आणि मग ठेवू की.

वर्गशिक्षिका
भरणार कोण? दुसऱ्या तासालाच ती रिकामी होते, आणि आमच्या मावशी एकट्या तीन मजले बघतात.

दहावी_ब_माजी
मी समितीच्या बाजूने. आम्हीच नळाला बोट लावून फवारे उडवायचो, कुणी ओरडलं नाही. फुकट मिळतं त्याची किंमत नसते. आठ दिवस कॉक बंद ठेवा, सुतासारखी सरळ येतील.

आकडेमोड्या
जरा हिशोब करू. दिवसाच्या शाळेसाठी भारतीय मानकात रोज माणशी ४५ लिटर धरतात, फ्लशसकट. तुमचा टँकर दोन दिवसांचा, म्हणजे डोक्यामागे रोज ११ लिटर. मुळात चौथाई पाण्यात भागवताय. त्यातही उधळपट्टी असेल तर ती पोरांच्या हातून होतेय की पाइपातून, हे आधी बघा. शनिवारी कुलूप लावताना टाकीची पातळी खडूने आखा, सोमवारी मुलं यायच्या आधी पुन्हा बघा.

पाना_पकड
धंदा प्लंबिंगचा, म्हणून तोंड घालतो. पोरांना नंतर बोला, आधी टाकीवर चढा. बॉलकॉक अडकला की टाकी भरून वाहते आणि मागच्या भिंतीला हिरवं शेवाळ धरतं. ते दिसलं की समजायचं. गेल्या महिन्यात एका शाळेत गळत्या नळाखाली लिटरची बाटली लावली, चाळीस मिनिटांत भरली. दिवसाचे ३६ लिटर, एका नळाचे! असे चार नळ होते. वायसर गेलेला, बाकी काही नाही. दुसरं, नवीन नळ पुश कॉकचे घ्या, दाबला की थोडं पाणी येऊन आपोआप बंद. फ्लशची जुनी टाकी एका वेळी १० लिटर ओतते, दोन बटणांची ३ किंवा ६. मात्र देशी भांड्याला पाणी फार तोडू नका, तुंबलं की धुवायला दहा बादल्या जातात.

समितीतला_पालक
शेवाळ आहे. खोटं कशाला बोलू. पण पुश कॉकही पोरं महिन्यात मोडतात, मागच्या वर्षी दोन बसवले होते, आज एकाची नुसती दांडी उरलीय. वायसर बदलू, बॉलकॉक बदलू. मुलींच्या बाजूचा कॉक दिवसभर चालू. मुलांच्या बाजूचा मात्र सुट्टीतच, त्यावर मी ठाम.

वर्गशिक्षिका
आणि जुलाब लागलेला पाचवीतला मुलगा? त्यानं साडेदहाच्या सुट्टीची वाट बघायची?

समितीतला_पालक
त्याच्यासाठी चावी वर्गशिक्षकांकडे.

वर्गशिक्षिका
म्हणजे साठ पोरांसमोर माझ्याकडे मागायची. कोण मागेल?