मदत हवी आहे : ब्लॅक सॅबथचा ‘हेडलेस क्रॉस’ नव्या श्रोत्यांना कसा ऐकवावा?

नमस्कार.

पुण्यात आमचा हेवी मेटल ऐकणाऱ्यांचा एक छोटा गट आहे. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमून आम्ही एक अल्बम मध्ये न बोलता सलग ऐकतो आणि नंतर त्यावर हवे तेवढे भांडतो. पुढच्या बैठकीसाठी निवड करण्याची पाळी माझी असून मी ब्लॅक सॅबथ या बर्मिंगहॅमच्या ब्रिटिश बँडचा एप्रिल १९८९मध्ये आलेला ‘हेडलेस क्रॉस’ निवडला आहे. निवड कळवताच गटातल्या दोघा जुन्या मंडळींनी ‘ओझी नाही, डिओ नाही, गीझर बटलर नाही आणि बिल वॉर्डही नाही, मग त्यात सॅबथ उरतो कुठे?’ असा प्रश्न टाकला. (ओझी ऑस्बोर्न हा मूळ गायक, डिओ त्याच्यानंतरचा; बटलर आणि वॉर्ड हे मूळ बासवादक आणि ड्रमवादक.) प्रश्न अगदीच गैरलागू नाही, आणि त्याचे उत्तर वाद घालून नव्हे तर ऐकवूनच द्यावे असे मला वाटते. ते कसे द्यावे, याबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे.

ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९८३मध्ये इयन गिलन या गायकाबरोबर ‘बॉर्न अगेन’ हा अल्बम झाला, १९८६मध्ये ग्लेन ह्यूजच्या आवाजात ‘सेव्हन्थ स्टार’ आला, आणि या सगळ्या येण्या-जाण्यात मूळ चौघांपैकी एकटा गिटारवादक टोनी आयोमी मागे राहिला. १९८७चा ‘दि इटर्नल आयडॉल’ आधी रे गिलनने गायला होता; तो सोडून गेल्यावर बर्मिंगहॅमच्याच टोनी मार्टिनने त्याच गाण्यांवर नव्याने आवाज दिला. म्हणजे मार्टिनला स्वतःचे शब्द आणि स्वतःच्या चाली घेऊन उभे राहण्याची पहिली संधी मिळाली ती ‘हेडलेस क्रॉस’मध्ये. त्याच वेळी रेनबो आणि व्हाइटस्नेक हे बँड गाजवून आलेला कोझी पॉवेल ड्रमवर आला आणि आयोमीबरोबर निर्मातेपदाची जबाबदारीही त्याने उचलली. बास लॉरेन्स कॉटल या जॅझकडून आलेल्या वादकाचा, कीबोर्ड नेहमीप्रमाणे जेफ निकोल्सचे. बँडने जुन्या कंपन्यांची साथ सोडून माइल्स कोपलंडच्या आय.आर.एस. रेकॉर्ड्सशी करार केला होता. ब्रिटनमध्ये अल्बम ३१व्या क्रमांकापर्यंत पोचला. अमेरिकेत मात्र तो ११५च्या वर सरकला नाही. माझ्या मते या अल्बमची उपेक्षा झाली ती संगीतामुळे नव्हे. मुखपृष्ठावरचे नाव वाचून लोकांनी १९७० सालचा आवाज शोधला, आणि तो न सापडल्यावर समोर जे होते ते ऐकलेच नाही.

समोर जे होते ते असे. एक मिनिटभराच्या ‘द गेट्स ऑफ हेल’ या कुजबुजत्या प्रस्तावनेनंतर शीर्षकगीत सुरू होते, तेव्हा रिफच्या (गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या मुख्य तुकड्याच्या) आधी पॉवेलचा ड्रम येतो : संथ, मोजका, प्रत्येक ठोक्यामागे मोठ्या दालनासारखी घुमणारी जागा सोडणारा. त्याने तिथे एकही जादा ठोका घेतलेला नाही, आणि म्हणूनच आयोमीची गिटार खालच्या तारेवर गुरगुरू लागते तेव्हा ती प्रत्यक्षात आहे त्याहून दुप्पट जड वाटते. मार्टिन सुरुवातीला खालच्या पट्टीत, जवळजवळ गोष्ट सांगितल्यासारखा गातो. शेवटाकडे मात्र तो ज्या उंचीला जातो, तिथे ऐकणाऱ्याने एकदा तरी खुर्चीत सावरून बसावे अशी माझी अपेक्षा आहे. हे गाणे महामारीच्या छायेतल्या गावाचे आहे, आणि त्या नावाचे ठिकाण इंग्लंडमध्ये वुस्टरशरमधल्या रेडिचला खरोखरच आहे.

‘व्हेन डेथ कॉल्स’ हे माझे सर्वांत आवडते गाणे. पहिली काही मिनिटे ते इतके हळू आणि शांत चालते की कॉटलचा बास जवळजवळ गायकाची सोबत करतो. मग भार वाढत जातो आणि उत्तरार्धात गाणे अचानक धावू लागते. त्यातला सोलो (एकट्या गिटारचा तुकडा) क्वीन या बँडच्या ब्रायन मेचा आहे, हे आधी सांगावे की नंतर, हाही एक प्रश्नच आहे, कारण आधी सांगितले की सगळे तेवढ्याचीच वाट पाहत बसतात. शेवटच्या ‘नाइटविंग’मध्ये अकूस्टिक गिटारला जी जागा दिली आहे, ती ऐकल्यावर आयोमीला केवळ रिफचा कारागीर म्हणणाऱ्यांची मला गंमत वाटते.

उणिवाही मान्य करायला हव्यात. ‘कॉल ऑफ द वाइल्ड’ मला कधीच विशेष भिडलेले नाही, आणि ‘डेव्हिल अँड डॉटर’मधले कीबोर्ड त्या दशकाचा शिक्का मारून जातात. शब्दांविषयी तर खुद्द आयोमीनेच आपल्या आत्मचरित्रात म्हटले आहे की, मार्टिन नवा होता, सॅबथ म्हणजे सैतान असे त्याने गृहीत धरले आणि प्रत्येक गाण्यात सैतान आणला. म्हणून पुढच्या ‘टिर’ या अल्बमच्या वेळी त्याला जरा आवरायला सांगावे लागले.

आता माझ्या अडचणी. पहिली म्हणजे, माझ्याकडे आय.आर.एस.ची जुनी सीडी आहे आणि एका मित्राकडे २०२४मध्ये निघालेला ‘ॲनो डोमिनी १९८९–१९९५’ हा चार अल्बमांचा संच आहे, ज्यात हा अल्बम रीमास्टर केलेला (मूळ ध्वनिमुद्रणाचा आवाज नव्याने सुधारलेला) आहे. मध्यम आकाराच्या खोलीत, साध्या पण बऱ्या स्पीकरवर यांतले कोणते वाजवावे? दुसरी, अल्बम जेमतेम चाळीस मिनिटांचा असल्यामुळे हाताशी वेळ उरतो. तर आधी जुन्या काळातले एखादे गाणे ऐकवून मग याकडे वळावे, की तुलनेची संधीच न देता थेट सुरुवात करावी? तिसरी, संचातल्या सीडीवर शेवटी ‘क्लोक अँड डॅगर’ हे जादा गाणे आहे; ते ठेवावे की वगळावे? ज्यांनी हा अल्बम इतरांना ऐकवून पाहिला आहे, त्यांचे अनुभव विशेष उपयोगी पडतील. ‘ओझीशिवाय सॅबथ नाही’ या विषयावर स्वतंत्र धागे भरपूर आहेत, तेव्हा ती चर्चा इथे टाळावी ही विनंती.

प्रतिसाद १

निवडीबद्दल अभिनंदन. तुम्ही विचारलेल्यातला पहिला प्रश्न सर्वांत सोपा आहे : दोन्ही प्रती आणून ठेवा आणि बैठकीच्या आदल्या दिवशी त्याच खोलीत शीर्षकगीताचे पहिले दीड मिनिट दोन्हींवर ऐका. मात्र आवाजाची पातळी कानाने सारखी करून घ्या, नाहीतर जी प्रत किंचित मोठी वाजते तीच चांगली वाटते आणि निर्णय फसतो. माझी स्वतःची पसंती नव्या संचाला आहे, कारण त्यात ड्रम आणि गिटार यांच्यामधला बास मला अधिक स्पष्ट ऐकू येतो, आणि कॉटलने काय केले आहे हे कळल्याशिवाय ‘व्हेन डेथ कॉल्स’ अर्धेच कळते. शिवाय त्या संचात ‘हेडलेस क्रॉस’ दौऱ्याच्या कार्यक्रमपुस्तिकेची प्रतिकृती आहे. ती हातोहात फिरवा, लोक रमतात.

‘क्लोक अँड डॅगर’ गाणे म्हणून वाईट नाही, पण ‘नाइटविंग’ संपल्यावर काहीही लावू नये. मूळ आठ रचनांवर थांबा.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे, फक्त तुलनेच्या प्रश्नावर थोडे वेगळे सुचवतो. जुन्या सॅबथचे गाणे आधी अजिबात लावू नका. त्याऐवजी रेनबोच्या १९७६च्या ‘रायझिंग’मधले ‘स्टारगेझर’ लावा. ते गायले आहे डिओने आणि वाजवले आहे पॉवेलने, त्यामुळे तुमच्या जुन्या मंडळींना तक्रारीला जागा राहणार नाही, आणि ते प्रचंड, रुंद ड्रम कानात असतानाच ‘हेडलेस क्रॉस’ सुरू झाला की हा अल्बम कोणत्या घराण्यातला आहे हे न सांगता कळेल. मी स्वतः एका कट्टर ओझीपंथीयाला याच वाटेने इथवर आणले. तो मार्टिनचा चाहता झाला असे म्हणणार नाही, पण ‘टिर’ मागून घेऊन गेला.

ब्रायन मेचे नाव आधी सांगू नका. सोलो संपल्यावर कोणी मान वर करून बघितलेच, तर तेवढ्यापुरते सांगा.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. ‘स्टारगेझर’ची कल्पना मला सुचलीच नव्हती आणि ती पटली, ‘नाइटविंग’वर थांबायचे हेही ठरले. एकच शंका उरते : ‘स्टारगेझर’ आठ मिनिटांहून मोठे आहे आणि त्याच्या शेवटी वाद्यवृंदाचा एवढा पसारा आहे की त्यावर ‘द गेट्स ऑफ हेल’ची कुजबुज अगदीच फिकी पडेल की काय, अशी धास्ती वाटते. दोन्हींच्या मध्ये चहा ठेवावा का?

प्रतिसाद ३

चहा नक्की ठेवा, पण कप गोळा झाल्याशिवाय पुढचे लावू नका. ती प्रस्तावना इतकी हळू आहे की भांड्यांच्या आवाजात ती कोणालाच ऐकू येणार नाही.